मार नको, आधार हवा

संध्याकाळची वेळ. दारावरची बेल वाजते आणि घरातला कुत्रा कोचाखालून उसळून दाराकडे धावतो. भुंकून भुंकून घर डोक्यावर घेतो. अभ्यासाला बसलेली मुलगी कानांवर हात ठेवते. आई एका हाताने त्याचा गळपट्टा ओढत, दुसऱ्या हाताने दार अर्धवट लोटत बाहेरच्या माणसाची माफी मागते. वडील आतून चप्पल घेऊन येतात. दोन फटके बसतात. कुत्रा शेपूट पायांत घालून पुन्हा कोचाखाली शिरतो आणि घर शांत होते. मग रात्री जेवताना गेल्या आठवड्याचा विषय निघतो. शेजारच्या मुलाच्या मनगटावर याचे दात उमटले होते. रक्त आले नाही, पण शेजाऱ्यांशी बोलणे बंद झाले. ताटावरच निर्णय होऊ लागतो : ‘आता याला कुठेतरी सोडून यायला हवे.’

हे दृश्य कोणा एकाच घरातले नाही. पुण्याची सदनिका असो, इंदूरचा जुना वाडा असो की भिलाईचे क्वार्टर, थोड्याफार फरकाने ते अनेक ठिकाणी घडते. अशा कुत्र्याला लोक मस्तवाल म्हणतात, तापट म्हणतात, लाडाने डोक्यावर चढलेला म्हणतात. तो घाबरलेला असेल, हे मात्र सहसा कोणाला सुचत नाही. आणि अशा भुंकण्या-चावण्यामागे बहुतेक वेळा भीतीच असते. या दृश्यातल्या कुत्र्याला सोयीसाठी मोती म्हणावे. मोतीला घरात ठेवता येईल की नाही, हे त्याला शिस्त किती कडक लावली यावर ठरणार नाही. त्याला कशाची भीती वाटते आणि काय हवे आहे, हे घरातल्यांना किती कळते, यावर ठरणार आहे.

भीती कशी ओळखावी?

घाबरलेल्या प्राण्यापुढे मार्ग थोडेच असतात. पळून जावे, जागच्या जागी थिजून राहावे किंवा समोरच्याला दूर हाकलावे. साखळीने बांधलेल्या, किंवा दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या कुत्र्याला पळण्याची सोय नसते. मग तो हाकलण्याचा मार्ग धरतो. तो भुंकतो आणि दारातला माणूस निघून जातो. सामान देऊन माणूस जाणारच होता, पण मोतीच्या दृष्टीने त्याचे भुंकणे यशस्वी झालेले असते. पुढच्या वेळी तो आणखी जोरात भुंकतो. यात उद्धटपणा नसतो. त्याला लागू पडलेला एक उपाय तो पुन्हा वापरत असतो, इतकेच.

भुंकण्याच्या आणि चावण्याच्या पुष्कळ आधी कुत्रा बोलायला सुरुवात करतो, फक्त ते बोलणे शरीराचे असते. झोप आलेली नसताना जांभई देणे, समोर खाणे नसताना ओठ चाटणे, मान फिरवून नजर चुकवणे, कान मागे पाडणे, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, एक पंजा अधांतरी उचलून उभे राहणे, अंग ताठ होणे ही सारी ‘मला हे नको आहे’ असे सांगण्याची पद्धत आहे. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, ही समजूतही अपुरी आहे. सैल अंगाने, कंबरेपासून हलणारी शेपूट वेगळी आणि ताठ अंगावर उंच धरून भराभर हलणारी शेपूट वेगळी.

नेहमी घडणारी एक गोष्ट घ्यावी. पाहुण्यांचे लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात हात टाकते आणि सगळे कौतुकाने फोटो काढतात. त्या फोटोत अनेकदा मुलाचा चेहरा हसरा असतो आणि कुत्र्याचा चेहरा दुसरीकडे वळलेला असतो. तो चेहरा वाचायला शिकणे ही प्राणी पाळण्यातली पहिली पायरी होय.

फटक्याने काय शिकवले?

चप्पल उगारल्यावर मोती गप्प बसतो, हे खरे. म्हणूनच मार ‘लागू पडतो’ असे वाटते. पण त्या क्षणी मोतीच्या मनात कशाची सांगड बसली, हे पाहायला हवे. बेल वाजली, अनोळखी माणूस आला आणि मार बसला. अनोळखी माणूस वाईट असतो, अशी त्याला शंका होती. आता खात्री झाली. वर ज्यांच्याकडे आधारासाठी जावे, तेच अशा वेळी मारतात, हेही तो शिकला.

याहून मोठा धोका गुरगुरण्याचा आहे. कुत्रा गुरगुरला की घरातल्या माणसाला राग येतो, अपमान वाटतो, आणि तो गुरगुरणे बंद करायला निघतो. पण गुरगुरणे ही सूचना आहे. ‘आणखी जवळ येऊ नका, नाही तर मला चावावे लागेल’ असा तिचा अर्थ. शिक्षेच्या धाकाने कुत्रा गुरगुरणे सोडू शकतो, भीती सोडत नाही. मग तो ‘काही न सांगता अचानक’ चावतो. वास्तविक तो आधी सांगत होता. ते सांगणेच बंद पाडलेले असते.

अभ्यासकांनी हे पडताळून पाहिले आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. वर्तनाच्या तक्रारींसाठी त्यांच्या दवाखान्यात कुत्रे आणणाऱ्या १४० मालकांना त्यांनी विचारले, की घरी तुम्ही कोणकोणते उपाय केले आणि त्यावर कुत्र्याने काय केले? ज्यांनी मारले किंवा लाथ घातली, त्यांपैकी ४३ टक्के मालकांवर कुत्रा उलटून धावला होता. कुत्र्याला बळाने उताणे पाडून दाबून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना, तर नुसते डोळे वटारून रोखून पाहणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांना तोच अनुभव आला होता. २०२० साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी प्रशिक्षणवर्गात जाणारे ९२ कुत्रे तपासले. झटके, ओरडणे, दटावणे अशा पद्धतींनी शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये तणावाची लक्षणे जास्त दिसली आणि वर्गानंतर त्यांच्या लाळेतले तणावाचे संप्रेरकही अधिक वाढलेले आढळले. बक्षीस देऊन शिकवलेल्या कुत्र्यांत तसे दिसले नाही.

‘घरात मोठा कोण’ हा प्रश्नच चुकीचा

‘कुत्र्याला मालक कोण ते दाखवून द्यावे लागते’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. त्याला शास्त्राचा आधार आहे, असेही सांगितले जाते. तो आधार कुठून आला, हे पाहण्यासारखे आहे. रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने १९४७ साली बाझल येथील प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर निबंध लिहिला. कोंडलेल्या जागेत एकत्र ठेवलेले ते लांडगे वरच्या स्थानासाठी झगडत असत. त्यावरून कळपात एक ‘अल्फा’ असतो आणि तो बळाने इतरांना दाबून ठेवतो, अशी कल्पना रुजली. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या लांडग्यांवरील पुस्तकाने ती सर्वत्र पोचवली.

पुढे मेक यांनीच मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षे जवळून पाहिले. तिथला कळप म्हणजे सर्वसाधारणपणे आई, वडील आणि त्यांची मुले असे साधे कुटुंब असते, आणि मुलांनी आईवडिलांच्या मागे जावे तसे ते चालते, असे त्यांनी १९९९ सालच्या लेखात स्पष्टपणे मांडले. आपल्याच पुस्तकातली कल्पना बदलण्याचा मोठेपणा त्यांनी दाखवला. शिवाय कुत्रा हा लांडगा नव्हे. हजारो वर्षे तो माणसाच्या सोबतीने राहत आला आहे. कोचावर बसणारा किंवा दारातून आधी बाहेर पडणारा मोती घराचे राज्य बळकावू पाहत नसतो. कोच मऊ असतो आणि बाहेर मजा असते.

आधी गरजा, मग शिक्षण

घाबरट किंवा चिडखोर कुत्र्याला ‘बस’, ‘थांब’ शिकवण्याआधी घरातल्यांनी एक यादी करावी. या प्राण्याला जे रोज मिळायला हवे, ते मिळते का?

पहिली गोष्ट प्रकृतीची. दात, कान, सांधे, पोट यांचे दुखणे कुत्रा सांगू शकत नाही. तो हात लावू देत नाही, एवढेच दिसते. आजवर शांत असलेला कुत्रा एकाएकी चिडू लागला, तर आधी पशुवैद्याकडे जावे. वय झालेल्या कुत्र्याची नजर किंवा कान मंदावले असतील, तर मागून कोणी हात लावल्यावर त्याचे दचकणे स्वाभाविक आहे.

दुसरी गोष्ट झोपेची. मोठा कुत्रा दिवसातले निम्मे तास तरी झोपेत आणि विश्रांतीत घालवतो. माणसांची सतत ये-जा, रात्री उशिरापर्यंत टीव्ही, मुलांची ओढाओढ अशा घरात त्याची झोप मोडते आणि झोपमोड झालेल्या माणसासारखाच तोही चिडचिडा होतो. त्याला घराच्या रहदारीपासून दूर एक कोपरा द्यावा. तिथे जुनी सतरंजी आणि पाण्याचे भांडे ठेवावे. तिथे गेलेल्या कुत्र्याला घरातल्या कोणीही उठवायचे नाही, हा नियम लहानथोर सर्वांनी पाळावा.

तिसरी गोष्ट नाकाची. कुत्र्याला जग वासाने कळते. साखळी ओढत दहा मिनिटांत ‘उरकून आणलेल्या’ फेरीत त्याला झाडाचे बुंधे, भिंतीचे कोपरे हुंगता येत नाहीत. लांब पट्टा घेऊन, गर्दी नसलेल्या वेळी, त्याच्या चालीने वीस मिनिटे फिरवले तर तो अधिक निवांत होतो. घरीही जेवण थेट ताटलीत न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांत दडवून शोधायला लावावे. चघळायला सुरक्षित वस्तू द्यावी. हुंगणे आणि चघळणे ही कुत्र्याची विरंगुळ्याची कामे आहेत. ती मिळाली नाहीत, तर तो चपला आणि सोफा शोधतो.

चौथी गोष्ट सोबतीची आणि मोकळेपणाची. दिवसभर गच्चीत किंवा जिन्याखाली आखूड साखळीने बांधलेला कुत्रा राखणीला चांगला होतो, असे मानतात. तो चांगला होत नाही, भयग्रस्त होतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० सालच्या कायद्यानेही आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा ठरवला आहे. पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण टाकून देणे, हाही त्याच कायद्याने गुन्हाच आहे. ‘कुठेतरी सोडून यायला हवे’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कित्येक घरांत नुसत्या या चार गोष्टी सुधारल्या की तक्रार निम्मी होते. उरलेल्या निम्मीसाठी शिक्षण लागते.

अंतर आणि घास

भीती घालवण्याची जी पद्धत आज जगभर वापरली जाते, तिची एक जुनी गोष्ट माणसाच्या मुलाची आहे. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाने प्रसिद्ध झालेल्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलावर उपचार केले. पीटर सशाला घाबरत असे. फरच्या कोटाला आणि कापसालाही घाबरत असे. जोन्सबाईंनी त्याला धीट बनण्याचा उपदेश केला नाही, की ससा मांडीवर आणून टाकला नाही. पीटर खुर्चीत बसून आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवला जाई. पीटर खात राही. हळूहळू पिंजरा थोडा जवळ येई. शेवटी तो सशाला हाताने कुरवाळू लागला. हे काम नाजूक आहे, घाई केली तर उलट खाण्याचाच तिटकारा बसेल, असा इशाराही बाईंनी दिला होता.

मोतीसाठी हाच मार्ग आहे, आणि त्यातली घाई टाळण्याची सूचनाही तीच आहे. प्रथम त्याचे सुरक्षित अंतर शोधावे. समोरून दुसरा कुत्रा येताना मोती त्याच्याकडे पाहतो, पण अजून खाऊ घेतो आणि हाकेला मान वळवतो, ते सुरक्षित अंतर. तो खाऊ नाकारतो, अंग ताठ करतो, तेव्हा आपण फार जवळ आलेलो असतो. अशा वेळी शिकवणे थांबवून वळून दूर जावे. घाबरलेल्या मेंदूला काही शिकता येत नाही.

अंतर सापडले की नियम सोपा आहे. भीतीची वस्तू दिसली की लगेच घास. वस्तू दिसेनाशी झाली की घास बंद. क्रम महत्त्वाचा आहे. आधी घास दाखवून मग भीतीच्या वस्तूकडे नेले, तर कुत्रा घासालाच घाबरू लागतो. घासही रोजचा नको. उकडलेल्या चिकनचे, अंड्याचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे या कामासाठी राखून ठेवावेत. चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि कांदा कुत्र्याला विषारी असतात. ते कधीही देऊ नयेत.

दारावरच्या बेलसाठी असे करता येईल. बेलचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा. मोती निवांत असताना तो अगदी हळू वाजवावा, जेमतेम ऐकू येईल इतका, आणि लगेच एक तुकडा द्यावा. पाच-सहा वेळा करून थांबावे. दिवसातून दोनदा पुरे. आवाज ऐकल्यावर तो दाराऐवजी घास देणाऱ्याकडे आशेने पाहू लागला, की आवाज किंचित वाढवावा. तो पुन्हा भुंकू लागला तर आवाज जास्त झाला असे समजून एक पायरी मागे यावे. याला काही आठवडे लागतील, कुठे काही महिनेही. पुढची पायरी म्हणजे बेल वाजली की आतल्या सतरंजीवर जाणे, आणि तिथे घास मिळणे. दारात भुंकणाऱ्याला ‘भुंकू नको’ एवढेच सांगून भागत नाही. मग काय करायचे, तेही त्याला शिकवावे लागते.

हे चालू असताना खऱ्या बेलने सगळे पाणी फिरू नये म्हणून तात्पुरती व्यवस्था लागते. सामान आणणाऱ्याला आधी फोन करायला सांगावे, पाहुणे यायच्या आधी मोतीला चघळायचे काही देऊन आतल्या खोलीत ठेवावे. ही माघार नव्हे. भीतीची रोज उजळणी होत राहिली, तर कोणतेही शिक्षण टिकत नाही.

पाहुण्यांसाठीही एक नियम आहे. त्यांनी कुत्र्याकडे रोखून पाहू नये, वाकून हात पुढे करू नये, त्याला बोलावू नये. गप्पा मारत बसावे. जवळ यायचे की नाही, हे मोतीला ठरवू द्यावे. निवड त्याच्या हातात आहे, हे कळले की भित्रा प्राणी बरेचदा आपणहून चार पावले पुढे येतो.

मांजराची भीती मुकी असते

कुत्र्याची भीती शेजाऱ्यांनाही ऐकू येते, मांजराची घरातल्यांनाही कळत नाही. ते कपाटावर किंवा पलंगाखाली राहू लागते, खाणे कमी करते, अंगावरचे केस चाटून चाटून काढते किंवा नेमलेल्या जागेऐवजी गादीवर लघवी करते. घरचे म्हणतात, मुद्दाम केले. मांजर सूड घेत नाही. नवे बाळ, नवे सामान, दुसरे मांजर किंवा मूत्रमार्गाचा आजार यांपैकी काहीतरी घडलेले असते. बोक्याला लघवी करताना कुंथावे लागत असेल आणि लघवी होत नसेल, तर तासाभराचाही उशीर न करता पशुवैद्याकडे न्यावे. इतर वेळी मांजराला उंच जागा, लपायला खोके, आणि खाण्यापासून दूर ठेवलेले मातीचे स्वच्छ पसरट भांडे द्यावे. लपलेल्या मांजराला ओढून बाहेर काढू नये. खोक्याजवळ खाऊ ठेवून आपण शांतपणे वाचत बसावे.

दिवाळी येण्याआधी

फटाक्यांच्या दिवसांत घर सोडून पळालेले कुत्रे दरवर्षी हरवतात. त्याची तयारी वसुबारसेच्या दिवशी सुरू करून भागत नाही. दोन-तीन महिने आधी, बेलसारखीच, फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू वाजवण्यापासून सुरुवात करावी. ऐन दिवाळीत फेरी लवकर, उजेडी उरकावी. गळपट्ट्याला घरचा फोन क्रमांक लावावा. खिडक्या बंद करून, पडदे ओढून आतल्या खोलीत पंखा आणि रेडिओ चालू ठेवावा. ज्यांची भीती फार तीव्र असते, त्यांच्यासाठी पशुवैद्याकडे चांगली औषधे असतात. त्यासाठी आधीच भेटावे. माणसांची झोपेची गोळी घरच्या घरी देऊ नये.

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले की भीतीला उत्तेजन मिळते, अशीही एक समजूत आहे. ती सोडून द्यावी. भीती ही लबाडी नाही, की लाड केले म्हणून ती वाढेल. तो मांडीशी येऊन बसला, तर बसू द्यावे. पाठीवर शांत हात ठेवावा.

घरातली मुले आणि दाताची खूण

मोतीच्या बाजूने इतके सांगितले, तरी शेजारच्या मुलाचे मनगट विसरून चालणार नाही. ज्या कुत्र्याने दात लावले आहेत, त्याला लहान मुलांबरोबर क्षणभरही एकटे सोडू नये. तो खात असताना, झोपलेला असताना किंवा काही चघळत असताना मुलांनी जवळ जायचे नाही. तोंडातली वस्तू हिसकावू नये; अधिक चांगला घास देऊन अदलाबदल करावी. बाहेर नेताना त्याला जाळीदार मुसकी घालता येते. आत तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल एवढी ती ऐसपैस हवी, आणि तिचीही सवय घासानेच लावावी. मुसकी घातलेला कुत्रा वाईट नसतो; त्याच्या घरचे जबाबदार असतात.

चावा कोणत्याही कुत्र्याचा असो, घरच्या लस दिलेल्या कुत्र्याचाही, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात, पण त्या दहा दिवसांसाठी लस लांबणीवर टाकू नये. रेबीज एकदा उलटला की त्यावर इलाज नाही. हळद, तिखट, चुना लावण्यात वेळ घालवू नये. पाळीव प्राण्याची स्वतःची लस वेळेवर देणे, हे तर मालकाचे पहिले कर्तव्य आहे.

किती फरक पडतो?

काही कुत्र्यांची भीती पूर्ण जाते, काहींची निम्मी. पिल्लू तीन ते बारा आठवड्यांचे असते तो काळ माणसे, आवाज, रस्ते यांची ओळख होण्याचा असतो, हे जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत केलेल्या व १९६५ साली पुस्तकरूपाने आलेल्या अभ्यासातून दिसले. तो काळ पिंजऱ्यात किंवा एकटेपणात गेलेल्या कुत्र्याला पुढे जास्त वेळ लागतो. काही जण जात्याच भित्रे असतात.

तरीही आशा सोडण्याचे कारण नाही. २००७ साली अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात कुत्र्यांच्या झुंजी लावणाऱ्या एका अड्ड्यावरून पन्नासच्या आसपास कुत्रे सोडवण्यात आले. त्या काळी अशा कुत्र्यांना सरसकट ठार करत. या वेळी जाणकारांनी एकेकाला तपासले. झुंजीसाठी ठेवलेल्या त्या कुत्र्यांतले कितीतरी हिंस्र नव्हतेच. ते जमिनीला चिकटून थरथरत होते. त्यांतले २२ जण युटा राज्यातल्या एका प्राणी-आश्रमात गेले, बाकीचे बहुतेक इतर संस्थांकडे. ठरलेला दिनक्रम, स्वतःची जागा, घास आणि भरपूर वेळ एवढ्यावर त्यांतले अनेक पुढे कुटुंबांत राहायला गेले. काही जण अखेरपर्यंत बुजरे राहिले आणि त्यांना तसेच सांभाळले गेले.

मोतीच्या घरीही तेवढीच अपेक्षा धरावी. तो येणाऱ्या-जाणाऱ्यांचा लाडका होईलच, असे नाही. पण सहा महिन्यांनी कधीतरी संध्याकाळी बेल वाजेल. तो एकदा भुंकेल, आईकडे पाहील आणि आतल्या सतरंजीवर जाऊन बसेल. मुलगी अभ्यासाचे पुस्तक न मिटता त्याच्यापुढे पनीरचा तुकडा टाकेल. शेजारच्या मुलाला कदाचित दारातूनच हात हलवावा लागेल, पण शेजाऱ्यांशी बोलणे पुन्हा सुरू झालेले असेल. आणि त्या रात्री जेवताना त्याला कुठे सोडायचे, हा विषय निघणार नाही.